हौस वेगाची, खर्च बेताचा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड बंदराच्या रस्त्यावर मालाचे ट्रक सतत ये-जा करतात आणि घाटीतली वळणं आंधळी. तिथे गाडी पळवणं हा शौक नव्हे, गुन्हा आहे. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी शर्यत लावायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार मनाई आहे.

खरी हौस असेल तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं. कुस्तीच्या या गावात मोहिते रेसिंग अकादमी आहे. इथलेच कृष्णराज महाडिक 2018 मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरले होते.

नवख्याने सुरुवात गो-कार्टने करावी. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती नीट वळते. नाहीतर सरळ निघते. ब्रेक कधी सोडायचा, हे तिथे पुस्तकाशिवाय कळतं.

पुढची पायरी ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात आखलेला मार्ग, एका वेळी सहसा एकच गाडी आणि लढत घड्याळाशी. घरची जुनी हॅचबॅकही चालते.

स्वस्तातल्या रेसिंगची परंपरा आपल्याकडे आहेच. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन बसवून एकआसनी फॉर्म्युला मारुती घडवली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयनही सुरुवातीला तीच चालवत होता. अमेरिकेत 2006 पासून तर 500 डॉलरच्या खटाऱ्यांची शर्यत भरते. सुरक्षेचा खर्च मात्र त्या मर्यादेबाहेर.

हे गणित आपणही पाळावं. इंजिनवर पैसे ओतण्याआधी चांगलं हेल्मेट घ्या आणि स्पर्धेला एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संघटनेची मान्यता आहे का, ते विचारा.