ब्रेडबोर्डवर न बसणारी चिप घरी कशी वापरायची?

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुलं तिथे आपापली मॉडेल मांडतात. आम्हा शिक्षकांना तयारीच्या वेळी हल्ली एकच अडचण वारंवार दिसते. मुलगी एखादी सेन्सरची चिप मागवते, पाकीट उघडते, तर आत तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा. ब्रेडबोर्डच्या भोकांत तो बसतच नाही. मग अब्बू म्हणतात, "राहू दे बेटा, तयार मॉडेल आणू." शिकणं तिथेच थांबतं.

जुन्या चिपचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात, ब्रेडबोर्डची भोकंही तेवढ्याच अंतरावर. नवीन चिप बोर्डाच्या पृष्ठभागावरच झाळल्या जातात, म्हणून त्यांना सरफेस माउंट किंवा एसएमडी म्हणतात. त्यात एसओआयसी प्रकाराचे पाय १.२७ मिलिमीटरवर, टीएसएसओपीचे बहुधा ०.६५ वर. कारखान्यात मशीन त्या भराभर बसवतं, जागाही कमी लागते. त्यामुळे बऱ्याच नव्या चिप जुन्या रूपात मिळतच नाहीत.

यावर उपाय आहे ॲडॉप्टर बोर्ड. वर बारीक चिप झाळायची, खाली पिना लावायच्या, की ती ब्रेडबोर्डवर बसते. मागवताना पायांमधलं अंतर आणि चिपची रुंदी, दोन्ही पाहा. एसओआयसीमध्येही अरुंद आणि रुंद असे प्रकार येतात. पहिल्यांदा एसओआयसीच घ्या. क्यूएफएन नको, त्याचे पाय पोटाखाली असतात आणि गरम हवेचं मशीन लागतं.

झाळताना फ्लक्समध्ये कंजुषी करू नका, अर्धं काम तोच करतो. चिपवरचा ठिपका म्हणजे एक नंबरचा पाय, तो बोर्डावरच्या खुणेशी जुळवा. आधी कोपऱ्यातला एकच पाय टाका. सगळे पाय आपापल्या पट्टीवर आलेत का, ते भिंगातून बघा. नसतील तर तो एक सांधा वितळवून चिप सरकवता येते. मग समोरचा कोपरा, मग बाकीचे. दोन पाय जोडले गेले तर फ्लक्स लावून तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जादा कथील शोषून घ्या. वीज देण्याआधी मल्टीमीटरने शेजारशेजारचे पाय तपासा. बीप वाजली तर थांबा आणि सर्किटचा नकाशा बघा, कारण काही पाय मुद्दामच जोडलेले असतात. चिपच्या वीजपुरवठ्याच्या पायांजवळ, शक्यतो ॲडॉप्टरवरच, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मुलं हे हमखास विसरतात आणि मग "सर, चिपच खराब आहे" म्हणतात.

हा हुनर आपल्याला परका नाही. मंचर, नारायणगावच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारी मुलं याहून बारीक भाग रोज बदलतात. एखाद्या मामूंच्या, चाचांच्या दुकानात दोन दुपारी बसलं तर मुलीचाही हात बसेल. हो, मुलीचाही. खिडकी मात्र उघडी ठेवा आणि कथिलात शिसं असू शकतं, म्हणून काम झाल्यावर हात धुवा.

रेडिओचं मॉडेल करणार असाल तर ब्रेडबोर्ड सोडूनच द्या. खोडदच्या दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आणि त्या साधारण १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपतात. १,००० मेगाहर्ट्झला सेंटीमीटरभर तारसुद्धा साठेक ओहमचा अडथळा करते, आणि ब्रेडबोर्डच्या शेजारच्या ओळी आपसात छोट्या कपॅसिटरसारख्या वागतात. तिथे चिमुकली चिप अडचण नसते, उलट फायद्याची असते, कारण तिचे पायच आखूड. अशा सर्किटसाठी तांब्याचा पत्रा चढवलेला कोरा बोर्ड घ्या, तांब्यालाच ग्राउंड करा आणि जोडण्या जमतील तितक्या आखूड ठेवा.

चिप मागवताना दोन-तीन जादा मागवा. एक सरावात जाईल, एक फरशीवर पडून हरवेल.