खुर्ची कुरकुरते, ती कुठे?

बहुतेक घरांत एक खुर्ची अशी असतेच, की पाहुणा तिच्याकडे वळला म्हणजे घरातले माणूस घाईघाईने म्हणते, "तिथे नको, इकडे बसा ना ऐसपैस!" पाहुण्याला वाटते, आपला मान राखला. खरा प्रकार असा असतो, की त्या खुर्चीचा एक पाय केव्हा दगा देईल याचा नेम नसतो.

लाकूड मधोमध मोडून खुर्ची गेली, असे क्वचितच घडते. खुर्ची जाते ती सांध्यात. त्यातही बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायाला जिथे मिळते, तो सांधा पहिला. जेवण झाले, गप्पा रंगल्या, की माणूस खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलून मागे रेलतो आणि वजनाची सारी ओढ त्या एवढ्याशा जागेवर येते.

आमच्या जेवणाच्या टेबलाबरोबर सहा खुर्च्या आल्या होत्या. दुकान नावाजलेले, पॉलिश आरशासारखे. दोन वर्षांत त्यांतल्या चार डुलू लागल्या. एकीचा सांधा मी उकलून पाहिला, तर आत बोटाएवढ्या दोन गोल खुंट्या आणि वाळलेल्या सरसाचे चार ठिपके! त्याच घरात माझ्या आजोबांची सागवानी खुर्ची आहे. तिच्यावर तीन पिढ्या बसल्या, मुलांनी तिची आगगाडी केली, पण तिने कधी हूं की चूं केले नाही. कारण तिच्या सांध्यात कुसू आहे.

कुसू म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एका लाकडाच्या टोकाची जाडी दोन्ही बाजूंनी उतरवून मध्ये जीभ ठेवायची, ते कुसू. दुसऱ्या लाकडात त्या जिभेच्या मापाचे लांबट, खोल भोक पाडायचे, ती खाच. हे त्यात बसले, की सांधा झाला. ही युक्ती आजकालची नव्हे. जर्मनीत लाइपझिगजवळ सात हजार वर्षांपूर्वीच्या ओकच्या लाकडाने बांधलेल्या विहिरी सापडल्या आहेत, त्यांच्या चौकटींतही असे सांधे आहेत. लोखंडाचा खिळा त्यानंतर कितीतरी शतकांनी आला.

मग दुकानदार कुसवाला का टाळतात? उत्तर सोपे आहे: कष्ट. कुसू करवतीने निघते, पण खाच मात्र विंधणे लावून, मोगरीचे घाव घालून, भुसा उकरत उकरत खोल न्यावी लागते. एका खुर्चीत अशा डझनभर खाचा येतात. कसलेला सुतारसुद्धा दिवसभर त्यातच गुंततो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी घरामागच्या पडवीत एक जोडयंत्र बसवले. सुतारमंडळी त्याला 'कॉम्बिनेशन मशीन' म्हणतात. एकाच मोटरवर रंधा, गोल करवत आणि लाकूड एकसारख्या जाडीचे करण्याची सोय. ऑस्ट्रिया, इटली, बेल्जियम या देशांत अशी यंत्रे बनतात, आपल्याकडेही बनतात. रंध्याची पाती ज्या पोलादी रुळावर बसवलेली असतात, त्याच रुळाच्या टोकाला एक चक असतो. त्यात बिट आवळायचे. समोर एक छोटे टेबल असते. ते चाक फिरवून वर-खाली होते आणि दांड्याने पुढे-मागे व डावीउजवीकडे सरकते. लाकूड त्यावर शिकंज्याने घट्ट धरले, की बिट आपल्या जागी फिरत राहते आणि लाकूडच त्याच्याकडे जाते. खाच पाडण्याचा जोड म्हणतात तो हाच.

मी त्याचे धडे घेतले आमच्या भागातल्या एका वयस्क मिस्त्रींकडून. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले, "काका, घाई केलीत तर बिट वाकेल, जळेल, नाहीतर मोडेल." हे बिट भिंतीला भोक पाडणाऱ्या साध्या बिटासारखे नसते; त्याला कडेलाही धार असते, कारण ते आत शिरते तसेच बाजूलाही कापते. आधी खाचेच्या दोन्ही टोकांना सरळ भोके घ्यायची, मग मधली घ्यायची, आणि मग टेबल डावीउजवीकडे सरकवत मधले उरलेले लाकूड काढायचे. एका फेरीत तीन-चार मिलिमीटरपेक्षा अधिक खोल जायचे नाही. दर फेरीला लाकूड मागे ओढून भुसा बाहेर पडू द्यायचा. खाच किती लांब, किती खोल, हे टेबलावरच्या अडसरांनी एकदा ठरवले, की बारावी खाचही पहिलीसारखीच येते. रुंदीचा जुना हिशेब म्हणजे लाकडाच्या जाडीचा तिसरा भाग. पट्टी २४ मिलिमीटर जाड असेल, तर बिट ८ मिलिमीटरचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिलने प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूवर खूण केली आणि बजावले, "खुणेची बाजू नेहमी टेबलावर खाली." यातले मर्म मला पुढे कळले. खाच नेमकी मध्यावर येण्याची गरजच नसते. पायाची आणि पट्टीची दर्शनी बाजू दोन्ही वेळा टेबलालाच टेकलेली असेल, तर खाच मध्यापासून केसभर सरकली तरी दोन्हींकडे सारखीच सरकते, आणि जोडल्यावर बाहेरची बाजू सपाट मिळते. मध्य शोधत बसलेल्या माणसाला मात्र दर सांध्यात रंधा मारावा लागतो.

आता एक अडचण. फिरत्या बिटाची खाच टोकांना गोल येते, आणि कुसू तर चौकोनी! मग पटाशीने खाचेचे कोपरे काढा, किंवा कानशीने कुसवाच्या कडा गोल करा. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो. दोन्ही लाकडांत खाचाच पाडायच्या आणि वेगळ्या पट्टीचे सुटे कुसू करून दोहोंत बसवायचे. हेही नवे नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे १९८२ साली समुद्रतळाशी एक जहाज सापडले. ते इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातले. त्याच्या फळ्या अशाच सुट्या कुसवांनी जोडलेल्या होत्या. सुटे कुसू हाताच्या दाबाने आत जावे. हातोडा लागला तर ते जाड, आपोआप घसरले तर पातळ. आणि खाच त्याहून एक-दोन मिलिमीटर खोल असावी, म्हणजे जादा सरसाला जागा राहते.

मिस्त्रींचे बोट

मिस्त्रींच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. मी बरेच दिवस विचारले नव्हते. एकदा चहा घेताना त्यांनीच सांगितले, "लोकांना वाटतं, बोट भोकात गेलं. भोकात नाही गेलं, काका. पलीकडे गेलं."

हे 'पलीकडे' प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. चक आणि रंध्याची पाती एकाच रुळावर असतात, हे मी वर सांगितले. म्हणजे तुम्ही खाच पाडत असता, तेव्हा हातभर अंतरावर पातीही फिरत असतात, मिनिटाला चार ते सहा हजार फेऱ्यांच्या वेगाने. नजर असते बिटावर. मिस्त्री तेव्हा एका कारखान्यात कामाला होते. मालकाने रंध्यावरचे झाकण अडचण होते म्हणून काढून ठेवले होते. खाच पाडता पाडता डाव्या हाताने त्यांनी रंध्यावर साचलेला भुसा झटकला.

माझी मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिला हे यंत्र शिकायचे होते. तिची आई कळवळून म्हणाली, "तिच्या बोटांना काही झालं म्हणजे?" प्रश्न रास्त होता. 'काही होत नाही' हे त्याला उत्तर नव्हे. मी मुलीला आधी मिस्त्रींपुढे बसवले. त्यांनी हात पुढे करून सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि बटणावर एक कागद डकवला: 'आधी झाकण, मग बिट, मग बटण.' उलटही तितकेच खरे. रंधा चालवायच्या आधी चकातले बिट काढायचेच, नाहीतर ते कोपऱ्यात फिरत राहते आणि सदऱ्याची बाही पकडते. हातमोजे, ओढणी, अंगठी यांतले काही अंगावर ठेवायचे नाही. आईने परवानगी दिली, पण अट घालून: झाकण निघालेले दिसले, की मशीन घराबाहेर. ती अट आजही लागू आहे.

कोणी म्हणेल, अशा यंत्राने सुताराच्या पोटावर पाय नाही का येत? ही शंकाही जुनी आहे. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रे बसवली. त्यांत खाचा पाडणारी यंत्रेही होती. १८०८ साली तिथे वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या होत होत्या, आणि ११० कारागिरांचे काम १० साधी माणसे करत होती. तेव्हा शंका खोटी नाही. मी मिस्त्रींना विचारले, तर ते हसून म्हणाले, "मला खाचेचे पैसे कधीच मिळाले नाहीत. खुर्चीचे मिळतात. खाच लवकर झाली, तर खुर्चीला खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत." डुलणाऱ्या त्या चार खुर्च्या आम्ही दोघांनी मिळून सुट्या कुसवांवर पुन्हा उभ्या केल्या. आता त्यांवर कोणालाही बसवतो.

असो. हे वाचून प्रत्येकाने यंत्र घ्यावे, असे मी म्हणणार नाही. पण दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांत नवे फर्निचर येते, म्हणून दोन गोष्टी सुचवतो. दुकानात खुर्ची पाहताना आधी पॉलिश पाहू नका. एक हात मागच्या पायावर, एक बैठकीच्या पट्टीवर ठेवून दोन्ही उलट दिशांना दाबून पाहा, आणि दुकानदाराला सरळ विचारा, "आत कुसू आहे की नुसत्या खुंट्या?" घरी सुतार बसवला असेल, तर त्याला सांगा, की सरस लावण्यापूर्वी एकदा सगळी खुर्ची कोरडीच जोडून दाखव. चांगला सुतार यावर रागावत नाही. उलट, कोणीतरी आतले काम पाहिले म्हणून त्याला बरे वाटते.