मुंग्यांमध्ये कान लावून

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. माणूस चढेपर्यंत ती रिकामीच राहते, पण तिथे बसायची कुणाची छाती होत नाही. रेडिओलहरींचंही असंच आहे. दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ चॅनेल मावतात. त्यांपैकी निदान १२ देशात जवळजवळ सगळीकडे मोकळे पडलेत, असा हिशेब आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ साली मांडला. पालघरच्या खामलोली परिसरात त्यांनी याच लहरींवरून गावात इंटरनेट नेऊनही दाखवलं.

रुमालाच्या जागी बसणारा आणि मालक आला की निमूट उठणारा हा प्रवासी म्हणजे कॉग्निटिव्ह रेडिओ. जोसेफ मिटोला यांनी १९९९मध्ये ही कल्पना मांडली. पण मालक आलाय हे त्याला कळणार कसं?

पूर्वी कोकणातल्या मिरजोळ्यात काय किंवा कुठेही काय, एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून हाक यायची, “मुंग्या आल्या!” त्या मुंग्या म्हणजे नुसता गोंगाट. कॉग्निटिव्ह रेडिओसाठीच्या आयईईई ८०२.२२ या २०११च्या मानकाची अपेक्षा ऐका: गोंगाटाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका क्षीण डिजिटल टीव्हीचा संकेतही दोन सेकंदांत ओळखायचा, आणि तोही दहापैकी नऊ वेळा!

हे जमतं, कारण गोंगाट कधी वर, कधी खाली जातो. भरपूर नमुन्यांची सरासरी काढली की तो स्थिरावतो आणि संकेताची किंचित भर उरते. मात्र संकेताची ताकद निम्मी झाली की नमुने चौपट लागतात. दहावा हिस्सा झाली, तर शंभरपट! तेवढा वेळ बोलणं बंद आणि बॅटरी चालू. म्हणून आधी ओझरतं ऐकायचं, संशय आला तरच नीट कान द्यायचा.

कोकणात आणखी एक पंचाईत. सड्यावरच्या रेडिओला जे ऐकू येईल, ते खाली घळीतल्याला येईलच असं नाही, मधे डोंगर. म्हणून शेजारपाजारचे रेडिओ मिळून ठरवतात. पण निरोप पाठवायलाही बॅटरी लागते. तेव्हा नियम असा, की ज्याला पक्कं काही कळलं नाही त्याने गप्प बसायचं. (ग्रामसभेत हा कधी लागू होणार?)

टीव्हीचे मनोरे जागचे हलत नाहीत. त्यामुळे कुठे कोणता चॅनेल मोकळा याची यादी करता येते, आणि रेडिओने आपलं ठिकाण सांगून त्या यादीत पाहिलं तरी भागतं. अमेरिकेने २०१०मध्ये अशी यादी पाहणाऱ्या उपकरणांवरची ऐकण्याची सक्ती काढून टाकली. पण शिमग्यात नमनाच्या रंगमंचावर कुणीतरी बिनतारी माईक सुरू करतो. असे कित्येक माईक टीव्हीच्याच लहरींवर बोलतात, आणि ते कुठल्याही यादीत नसतात. त्या रात्री रेडिओला कान लावूनच बसावं लागेल.