नुसतंच खेळवतात!

"आमच्या पोराला शाळेत काही शिकवत नाहीत, नुसतंच खेळवतात." विशेष मुलांच्या बालवर्गात काम करणाऱ्या बाईंना ही तक्रार नवी नसते. आणि तक्रार करणाऱ्या आईचा वैताग खोटाही नसतो. रायगड जिल्ह्यात पेण काय, रोहा काय, आजूबाजूच्या गावांतून येणारी ही आई पहाटे उठून डबा करते, अजून नीट न चालणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेते आणि मिनिडोरमध्ये दाटीवाटीने बसून शाळा गाठते. एवढी यातायात करून पोरगं तिथे काय करतं, तर परातीतले तांदूळ चिवडतं! शेजारणीचा मुलगा पाटीवर 'ग' गिरवतो आणि आपला हा असा. त्या परातीत काय चाललंय हे तिला कोणी बसवून सांगितलेलं नसतं.

मुळात, खेळ मुलांना आपोआप येतो, हीच आपली समजूत. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती खरीही असते. हाताला डाव आला की ती तो आपटून बघतात, दोन वर्षांची झाली की रिकाम्या कपातून आजोबांना चहा पाजतात. पण ज्या मुलाची बोटं हुकमात नाहीत, ज्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू वाचता येत नाही किंवा ज्याला ऐकूच कमी येतं, त्याचा खेळ सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन एकाच जागी फिरत राहतो. गाडी हातात दिली तर ती चालवायची सोडून चाकच तासभर फिरवत बसतो. अशा मुलाला आधी खेळायला शिकवावं लागतं, मग खेळातून बाकीचं.

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधक बाईंनी 1932 साली लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले. मूल आधी एकटं खेळतं, दुसऱ्याचं खेळणं नुसतं बघतं, मग शेजारी बसून पण आपापलं खेळतं, आणि पुढे केव्हातरी दुसऱ्याबरोबर खेळतं. त्यातलं 'नुसतं बघणं' मला फार महत्त्वाचं वाटतं. दाराशी उभं राहून बघणाऱ्या मुलाला "अरे, खेळ की!" म्हणून ओढणारे आपण, त्याचा चाललेला अभ्यास मोडत असतो.

बाई हे शिकवतात कसं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. लाकडी दांडीत रंगीत चकत्या घालायचं खेळणं घ्या. आपल्या लेखी ते एक काम. बाईंच्या लेखी त्याचे तुकडे आहेत: चकती बघणं, हात पुढे करणं, ती पकडणं, उचलणं, दांडीवर आणणं, भोक जुळवणं, सोडून देणं. यातलं सोडून देणं अनेक मुलांना सर्वांत अवघड जातं, कारण आवळलेली मूठ उघडत नाही. म्हणून कित्येकदा बाई शेवटापासून सुरुवात करतात. मुलाच्या हातावर आपला हात ठेवून चकती दांडीपर्यंत नेतात आणि फक्त सोडायचं त्याच्यावर ठेवतात. चकती खट्‌कन खाली बसते. त्या आवाजाचा मालक तो! ते जमलं की बाईंचा हात आधी मनगटावर, मग कोपरावर आणि पुढे नुसत्या बोटाच्या खुणेवर येतो. चड्डी वर ओढणं, घास तोंडात घालणं, हे सगळं याच पद्धतीने येतं. वहीत मात्र एकच ओळ पडते: 'शेवटची पायरी, मनगटाला आधार देऊन.' प्रत्येक मुलाची वेगळी वैयक्तिक शैक्षणिक योजना असते, तिची प्रगती अशा ओळींनी मोजली जाते.

आपडी-थापडीसारख्या खेळाचंही तसंच. बाई म्हणता म्हणता ऐन वेळी थांबतात आणि वाट बघतात. पाच सेकंद, दहा सेकंद. घाईची सवय असलेल्या आपल्याला तेवढी शांतता सोसत नाही, आपण पुढचं बोलून टाकतो. पण त्या मोकळ्या जागेत मूल बाईंच्या डोळ्यांत बघतं, हात पुढे करतं, कधी एखादा हुंकार देतं. बोलणं इथून सुरू होतं. चेंडू घरंगळत एकमेकांकडे पाठवणं म्हणजे 'तुझी पाळी, माझी पाळी', आणि दोन माणसांचं संभाषण यापेक्षा वेगळं काय असतं?

पेणचं नाव निघालं की गणपती आठवतो. हमरापूर, जोहे या गावांत घराघरांत कारखाने आहेत, आणि गुजरातेतून येणारी शाडूची माती इथल्या मुलांच्या ओळखीची. स्नायू सैल असलेल्या डाऊन सिंड्रोमच्या मुलाला ती माती दाबणं, लांबवणं, चिमटीने तोडणं ही बोटांची तालीम आहे; पुढे चमचा आणि शर्टाची बटणं त्याच बोटांनी सांभाळायची असतात. पण स्वमग्न मुलांपैकी काहींना ओल्या मातीचा स्पर्शच सहन होत नाही, किंचाळतात. त्यांना मातीपर्यंत पायरीपायरीने न्यावं लागतं. आधी परातीत कोरडे तांदूळ किंवा पोहे (पेणला पोह्यांची काय वाण!), मग ओलसर वाळू, मग कणीक, मग प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली माती बाहेरून दाबायची, आणि शेवटी उघडी. परातीतल्या तांदळांचं कोडं हे असं आहे.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या बाबतीत तर खेळण्याच्या आधी बैठक. पाय लोंबकळत असतील तर तोल सांभाळण्यातच त्याचे दोन्ही हात अडकतात, खेळायला उरत नाहीत. पायाखाली एक पाट, पाठीला कोपऱ्याचा आधार, टेबल कोपराच्या उंचीवर, एवढं केलं की तेच हात मोकळे होतात. ब्रशच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करायचा, मणी घरंगळू नयेत म्हणून काठाचं ताट घ्यायचं. परदेशी बनावटीच्या महागड्या संचांतलं निम्मं सामान गावचा सुतार करून देईल, असं माझं मत आहे. मात्र माती आणि पाट म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. तज्ज्ञ लागतोच.

गंमत म्हणजे, शहरातल्या महागड्या माँटेसरी शाळांत दिसणारं साहित्य मुळात अशाच मुलांसाठी जन्माला आलं. मारिया माँटेसरींनी 1900च्या सुमारास रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम केलं, इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची साधनं पुढे नेली, आणि नंतर 1907मध्ये बाकीच्या मुलांसाठी त्यांचं बालगृह निघालं. त्याच सेगँच्या नावाचा दहा आकारांचा लाकडी फळा आज आपल्याकडे मुलाची बुद्धी मोजायला, घड्याळ लावून वापरतात. वर्गात तसाच फळा घड्याळाशिवाय असतो. चौकोनी खाचेत गोल ढकलणारं मूल इथे नापास होत नाही, पुन्हा ढकलतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला आणि 1957पासून कोसबाडला माँटेसरींचा हा विचार थेट पाड्यावर नेला. शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. मुलं येत नाहीत तर अंगणात बालवाडी, गुरं राखायला जातात तर कुरणात शाळा. आज अंगणवाडी हा शब्द आपण सहज वापरतो, त्यामागे कोसबाडच्या टेकडीवरचं हे काम आहे.

पेणमध्ये आई डे केअर संस्थेची 'सुमंगल' ही विशेष मुलांची शाळा आहे. पण दोन-तीन वर्षांचं मूल शाळेच्या आधी अंगणवाडीतच येतं, आणि खरी कसोटी तिथे आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो 6 ते 18 या वयात. त्याआधीची वर्षं, म्हणजे मेंदू सर्वांत लवचीक असतो तीच, या कलमाबाहेर राहिली. कायद्यात वर्षातून एकदा सगळ्या मुलांच्या तपासणीची तरतूद आहे. 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा पथकाने तपासायचं असतं. 28 नोव्हेंबर 2023ला केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळखा, अंगणवाडीत सामावून घ्या, तज्ज्ञाकडे पाठवा. कागद चांगला आहे. पण सेविकेकडे पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी आणि वर हे, याचा हिशोब कोणी करायचा?

रायगडात आणखी एक अडचण, तीही नेमकी दिवाळीनंतरची. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबं तेव्हा वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला निघतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात पथक येऊन गेलं तर ते मूल यादीत 'गैरहजर'. सहा महिन्यांत चकती सोडायला शिकलेला हात पुन्हा आवळतो. यावर उपाय म्हणून घरच्यांच्या हाती खेळ द्यावा लागतो, भट्टीवरही चालेल असा. भिजवलेली माती तिथे ढिगाने आहे.

घरी राहणाऱ्यांना तर काहीच आणावं लागत नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे आईबाप असतील तर आजी हीच शिक्षिका. थंडीत, पोपटीच्या दिवसांत, वालाच्या शेंगा सोलायला नातवाला शेजारी बसवायचं. शेंग फोडताना अंगठा आणि तर्जनी जशी जुळते तशी कुठल्याच विकतच्या खेळण्याने जुळत नाही. फक्त जे मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्याच्यापुढे दाणे ठेवायचे नाहीत, नुसती अख्खी शेंग द्यायची, आणि नजर हटू द्यायची नाही. दाणा नाकात किंवा श्वासनळीत गेला तर जिवावर बेतू शकतं.

आणि मूल वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल किंवा चालत नसेल, तर "याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नये. सेविकेला किंवा आशाताईंना सांगून पथकाच्या पुढच्या भेटीत नाव घालावं, किंवा थेट अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावं. सगळ्यात आधी कानांची तपासणी मागावी. पुष्कळदा 'हट्टी' ठरलेल्या मुलाला आपली हाक ऐकूच गेलेली नसते.