तुंबडी, सुई आणि दुखरी मान

कापसाचा दुसरा वेचा सुरू असताना गावातल्या एका बाईंनी मला विचारले, "भाऊ, सुया टोचून मान खरंच बरी होते का जी?" वर्षभर त्यांची मान धरलेली होती. दिवसभर वाकून वेचायचे आणि संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन वजनाला न्यायचे. तालुक्याच्या गावी त्यांना दहा बैठका सांगितल्या होत्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. म्हणजे दहा दिवसांची वेचणी बुडणार आणि वर फी द्यावी लागणार. मी डॉक्टर नाही. वाचतो आणि टिपणे काढतो, एवढेच. या प्रश्नामागे लागून जे वाचले, त्याचा हा हिशेब.

आपण ज्यांना चिनी उपचार म्हणतो, ते सगळेच आपल्याला परके नाहीत. तुंबडी लावणारे वैदू जुन्या माणसांनी पाहिले आहेत. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि अलाबू, म्हणजे कोरलेला भोपळा, सांगितला आहे. चिनी पद्धतीत त्याच जागी बांबूचा किंवा काचेचा पेला येतो. 'ग्वा शा' या उपचारात तेल लावलेली कातडी गोलसर कडेने लाल ठिपके उठेपर्यंत खरवडतात. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया मात्र आपल्याकडे उशिरा आल्या. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. सुयांच्या संदर्भात कोटणीसांचे नाव वारंवार घेतले जाते, पण ते शल्यविशारद होते. ही विद्या चीनमध्ये शिकून कोलकात्यात रुजवली ती त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, तीही १९५०च्या दशकाच्या अखेरीस. महाराष्ट्रात आता या पद्धतीसाठी २०१५ सालचा स्वतंत्र अधिनियम आहे. पण कायद्याने मिळते ती मान्यता. गुण येतो की नाही, हे वेगळे तपासावे लागते.

तपासायचे कसे, इथेच खरी मेख आहे. मानेचे जुने दुखणे चढते आणि उतरते. माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले, अगदी काहीच केले नाही, तरी ते बहुधा थोडे उतरतेच. आपल्याकडे वेचणी संपली की कित्येक माना आपोआप सैल होतात. म्हणून 'मला गुण आला' हा अनुभव खरा असला तरी तो पुरावा होत नाही. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करावे लागतात आणि विचारावे लागते : गुण आला, पण कशाच्या तुलनेत?

चार प्रयोग पाहू. २०११ साली जर्मनीतल्या एसेन येथे ४८ रुग्णांपैकी निम्म्यांना एकदा ग्वा शा दिला, निम्म्यांना गरम पट्टीचा शेक. आठवड्याने १०० गुणांच्या वेदनापट्टीवर दोन गटांत सुमारे ३० गुणांचा फरक दिसला. फरक मोठाच. पण आपल्याला काय मिळाले हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते. नव्या उपचाराकडून जी आशा असते, ती शेकाकडून कोण धरील?

२००४ सालच्या इंग्लंडमधील प्रयोगात हा दोष टाळण्याचा प्रयत्न होता. १३५ रुग्णांपैकी काहींना सुया टोचल्या, तर काहींना विजेचे यंत्र लावले. ते आतून बंद होते आणि रुग्णांना ते माहीत नव्हते. दोन्ही गटांचे दुखणे बरेच कमी झाले. सुयांची आघाडी होती ती १०० पैकी जेमतेम ६ गुणांची. ती रुग्णाला जाणवेल एवढी नाही, असे संशोधकांनीच लिहिले.

२०१३ साली पुन्हा जर्मनीत ६१ रुग्णांची पाहणी झाली. काहींना घरच्याच माणसाने बारा आठवडे तुंबडीने मालिश केले. बाकीच्यांनी स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम केला. वेदनेत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, यॉर्क येथील संशोधकांच्या ५१७ रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या औषधोपचाराला सुयांची जोड दिली. वर्षाअखेरीस मानेच्या त्रासाच्या मापावर सुमारे ४ टक्क्यांचा जादा फायदा टिकला.

या चौघांची मापे आणि मुदती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत. तरी कल दिसतो : तुलना जितकी चोख किंवा मुदत जितकी लांब, तितका फरक लहान. याचा अर्थ थोतांड असा नाही. आराम खरा असतो. फक्त त्यातला मोठा वाटा नेमक्या बिंदूला टोचल्याचा नसून पडून राहण्याचा, कोणीतरी हात लावून विचारपूस केल्याचा आणि आशेचा असावा. तसे असेल, तर हा वाटा कमी खर्चातही मिळू शकतो.

त्या बाईंना मी इतकेच सांगितले. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल पडत असेल, चालताना तोल जात असेल किंवा तापासोबत मान दुखत असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. तसे काही नसेल, तर मानेचा व्यायाम विचारून घ्या आणि रोज करा. सुया घ्यायच्याच असतील, तर प्रत्येक वेळी नवी, बंद पाकिटातली सुई डोळ्यांदेखत उघडायला लावा. दुखण्याला दहापैकी किती गुण द्याल, ते आधी लिहून ठेवा. तीन-चार बैठकांत आकडा हलला नाही, तर थांबा. आणि गाठोडे एकदम नेऊ नका, दोन फेऱ्या करा.

त्या हसल्या. "दोन फेऱ्या केल्या, तर वेचू कधी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वर सांगितलेल्या चारही प्रयोगांत परीक्षा उपचाराची झाली, ओझ्याची नाही. शेतातून वजनकाट्यापर्यंत गाठोडे डोक्याऐवजी गाडीवरून नेले, तर आमच्या भागातल्या किती माना सुटतील, हा प्रयोग सुयांच्या प्रयोगापेक्षा सोपा आहे. त्याला बंद यंत्राचीही गरज नाही.