बायबलमधल्या अनोळखी बायका

बायबल म्हटलं की आपल्याला येशू ख्रिस्त आठवतो, त्याची आई मेरी आठवते, फार तर आदम आणि ईव्ह. माझंही तसंच होतं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली, एवढं मी वर्गात मुलींना सांगत असे. पण ते पुस्तक स्वतः कधी उघडलं नव्हतं. शाळेतल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीनं ते वाचायला दिलं आणि दुपारची झाकपाक झाली की मी चार पानं वाचू लागले. त्यात भेटलेल्या काही जणींची ओळख तुम्हांलाही करून द्यावीशी वाटते.

पहिल्या दोघी सुइणी. शिफ्रा आणि पुवा. मिसर देशात इब्री लोक गुलामगिरीत होते. त्यांची संख्या वाढू लागली तसा तिथल्या फारो राजानं सुइणींना हुकूम दिला : इब्री बाईला मुलगा झाला तर मारून टाका, मुलगी झाली तर जगू द्या. या दोघींनी एकही मूल मारलं नाही. राजानं जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, "त्या बायका भारी दणकट! आम्ही पोचायच्या आतच बाळंत होऊन मोकळ्या होतात." गंमत म्हणजे त्या गोष्टीत राजाचं नाव नाही, नुसती 'फारो' ही पदवी. सुइणींची नावं मात्र लिहून ठेवली आहेत.

दुसरी रिस्पा, शौल राजाची उपपत्नी. शौलानंतर दावीद राजा झाला. तीन वर्षं दुष्काळ पडला. शौलानं गिबोनी लोकांची कत्तल केली होती, त्याचं हे फळ असं ठरलं आणि भरपाई म्हणून शौलाच्या वंशातल्या सात जणांना फासावर चढवलं. त्यांत रिस्पाचे दोन मुलगे होते. प्रेतं तशीच उघड्यावर पडली. रिस्पानं खडकावर गोणपाट अंथरलं आणि ती तिथेच बसली. जवाच्या कापणीपासून थेट पाऊस येईपर्यंत! दिवसा पाखरं हाकली, रात्री रानटी जनावरं. आपल्या मुलांचीच नव्हे, सातही जणांची राखण केली. शेवटी हे दावीदाच्या कानावर गेलं. त्यानं साऱ्यांच्या अस्थी गोळा करवल्या.

आणि तिसऱ्या तर पाच बहिणी! महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. वडील सलाफहाद वाळवंटात वारले. भाऊ नाही. जमिनीची वाटणी मुलग्यांच्या नावानं होणार. या पाचजणी मोशे, याजक आणि सगळ्या लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या वडिलांचं नाव का पुसावं? आम्हांला वाटा द्या. मोशेनं देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं म्हणणं रास्त आहे. मुलगा नसेल तर वारसा मुलीला मिळावा असा नियमच झाला. पुढे लग्न आपल्याच वंशात करायची अट आली, ती त्यांनी पाळली. प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी मात्र त्यांना पुन्हा जाऊन आठवण करून द्यावी लागली, तेव्हा कुठे जमीन हाती आली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचताना माझा हात थबकला. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भावानं हक्कसोडपत्र पुढे केलं. "ताई, इथे सही कर." थोरल्या बहिणीनं न वाचताच केली होती. मीही पेन उचललं होतं. माझा भाऊ वाईट नाही हो. पण मला कुणी विचारलंच नव्हतं. २००५ सालच्या कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे मी वाचलं होतं. तरी ओवाळणीच्या ताटाशेजारी तोंड उघडेना. "वाचून सांगते," एवढंच कसंबसं म्हटलं.

सही अजून केलेली नाही. करणार की नाही तेही ठरलेलं नाही. कदाचित करीनही, पण ती माझी मी दिलेली असेल, गृहीत धरलेली नव्हे. येत्या सुटीत माहेरी जाऊन आईच्या देखत भावाशी शांतपणे बोलणार आहे. थोरल्या बहिणीलाही बोलावलं आहे.

त्या पाचजणी होत्या. आम्ही दोघीच आहोत, एवढंच.