न दिसलेल्या उजेडाची साक्ष

४ जून २००२ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीला १ईएस १९५९+६५० नावाच्या ब्लेझरमधून गॅमा किरणांचा मोठा भडका दिसला. त्या दिवसांत एक उपग्रह त्याच ब्लेझरचे क्ष-किरण मोजत होता, आणि त्यांत मात्र जोडीची वाढ दिसली नाही. या घटनेला खगोलशास्त्रज्ञांनी ‘अनाथ भडका’ असे नाव दिले, कारण ज्याच्यासोबत तो यायला हवा होता, तो क्ष-किरणांचा भडका आलाच नव्हता. ब्लेझरांच्या अभ्यासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गैरहजेरी. एका तरंगलांबीत उजेड वाढला एवढ्याने फारसे कळत नाही. त्याच क्षणी बाकीच्या तरंगलांब्यांत काय वाढले आणि काय जागचे हलले नाही, हे समजले तरच त्या भडक्याचे कारण हाती लागू शकते.

असे का, हे कळण्यासाठी ब्लेझर म्हणजे काय ते आधी पाहू. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात सूर्याच्या कोट्यवधी, कधी अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. काही दीर्घिकांत त्याच्याभोवती फिरत आत पडणाऱ्या द्रव्यापैकी थोडे द्रव्य दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपात बाहेर फेकले जाते, तेही प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणाऱ्या वेगाने. असा एक झोत आपल्या रोखाने आलेला असला की त्या दीर्घिकेच्या केंद्राला ब्लेझर म्हणतात. बीएल लॅसर्टी हा या जातीचा नमुना १९२९ मध्ये सापडला, तेव्हा तो आपल्याच आकाशगंगेतला रूपविकारी तारा समजला गेला होता. तो तारा नाही हे उमगायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. ब्लेझरचा प्रकाश रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत पसरलेला असतो आणि त्याचा आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात. पहिला उंचवटा झोतातल्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्याबद्दल. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडक देऊन त्यांची ऊर्जा गॅमा किरणांइतकी वाढवतात, असे एक मत. झोतात प्रोटॉनही तितकेच वेगवान असतात आणि हे त्यांचे काम आहे, असे दुसरे. साध्या रूपातले पहिले मत खरे असेल तर क्ष-किरण आणि गॅमा किरण साधारण एकत्र वाढायला हवेत. २००२ च्या अनाथ भडक्याने नेमका तिथेच खोडा घातला.

झोताचा उगम इतका दूर आणि इतका लहान आहे की त्याचा आतला तपशील गॅमा किरणांत दाखवू शकेल अशी दुर्बीणच नाही. म्हणून मोजपट्टीचे काम वेळेला करावे लागते. २८ जुलै २००६ च्या रात्री नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझरचे गॅमा किरण सुमारे २०० सेकंदांत चढताना पाहिले. २०० सेकंदांत प्रकाश सहा कोटी किलोमीटर जातो. तिथले कृष्णविवर सूर्याच्या शंभर कोटी पट धरले, तर त्याची त्रिज्याच तीनशे कोटी किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे लुकलुकणारी जागा कृष्णविवरापेक्षाही कितीतरी लहान! झोत स्वतःच्या प्रकाशाच्या मागोमाग आपल्याकडे धावत असतो, त्यामुळे तिथे तासन्‌तास चाललेली घडामोड आपल्याला मिनिटांत आटोपल्यासारखी दिसते, हे खरे. पण नेहमी गृहीत धरली जाणारी दहापट घाई इथे पुरत नाही. एक तर झोताचा काही भाग मानतो त्याहून फार वेगवान असला पाहिजे, किंवा भडका झोतातल्या एखाद्या छोट्या गाठीत उठला पाहिजे. दोन रात्रींनंतर आणखी एक भडका आला आणि या वेळी चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीणही तिकडेच रोखलेली होती. गॅमा किरण दसपटीहून अधिक बदलले, क्ष-किरण जेमतेम दुप्पट झाले आणि दृश्य प्रकाश किंचितच हलला. दृश्य प्रकाशाचा बराचसा भाग झोतातल्या दुसऱ्या, मोठ्या आणि संथ जागेतून येतो, असा याचा सरळ अर्थ लागतो. दृश्य प्रकाश स्वस्थ राहिला म्हणूनच हे कळले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की दुर्बिणी भडक्याची वर्दी आल्यावरच तिकडे वळतात, म्हणून आपल्याकडच्या नोंदी भडक्यांच्याच बाजूला झुकलेल्या असतात. अशा नोंदींतून जुळणारे चढउतार दाखवणे सोपे असते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावरचा उपाय मात्र निरीक्षण कमी करण्यात नाही, शांत काळातही ते चालू ठेवण्यात आहे. फर्मी उपग्रह दर तीन तासांनी सगळे आकाश गॅमा किरणांत न्याहाळतो, आणि कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीची ४० मीटरची रेडिओ दुर्बीण २००८ पासून हजाराहून अधिक ब्लेझर आठवड्यातून साधारण दोनदा तपासते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही. पण कोणता चढ नेहमीचा आणि कोणता वेगळा, हे ठरते ते याच्याच आधारावर.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. प्रतिमानांत बदलता येणाऱ्या राशी इतक्या असतात की कोणताही आलेख कशाही पद्धतीने जुळवून दाखवता येतो. मग चार दुर्बिणींच्या जागी दहा लावून काय मिळवले? याचे उत्तर नुसत्या उजेडाच्या मोजमापातून मिळत नाही, प्रकाशलहरींची कंपने किती एका दिशेने आहेत, म्हणजे ध्रुवीकरण किती आहे, त्यातून मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीएल लॅसर्टीच्या दृश्य प्रकाशाचे ध्रुवीकरण ४७ टक्क्यांवर गेले, आणि त्याच सुमारास आयएक्सपीई उपग्रहाला क्ष-किरणांत ते ८ टक्क्यांहूनही कमी आढळले. त्या वेळचे क्ष-किरण प्रोटॉनांचे असते तर त्यांचे ध्रुवीकरण दृश्य प्रकाशाच्या तोडीचे असायला हवे होते. निदान त्या ब्लेझरपुरते पारडे इलेक्ट्रॉनांकडे झुकले. इथेही निकाल दिला तो क्ष-किरणांत न सापडलेल्या ध्रुवीकरणाने.

आता प्रोटॉनांची बाजू. २२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या आइसक्यूब यंत्रणेने अतिशय ऊर्जावान न्यूट्रिनो टिपला आणि मिनिटभरात जगाला वर्दी दिली. तो आला होता मृग नक्षत्राच्या दिशेने. तिथला टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझर तेव्हा गॅमा किरणांत पेटलेलाच होता, असे फर्मीच्या नोंदींतून निघाले. असे ऊर्जावान न्यूट्रिनो निपजायला वेगवान प्रोटॉन लागतात, म्हणून हा पुरावा फार मोठा मानला गेला. मात्र हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता हजारात एकाच्या घरात उरते आणि भौतिकशास्त्रज्ञ एवढ्यावर शोध लागला असे म्हणत नाहीत. शिवाय तेव्हाचे क्ष-किरण मंद होते. प्रोटॉन भरपूर असते तर त्यांच्या टकरींतून उपजलेल्या कणांनी क्ष-किरणही वाढवले असते. म्हणून तिथे प्रोटॉनांचा वाटा किती असू शकतो, यावर क्ष-किरणांनीच मर्यादा घातली.

अशी मर्यादा घालायची तर निरीक्षणांच्या साखळीत खंड पडता कामा नये. जमिनीवरच्या गॅमा दुर्बिणी फक्त काळोख्या रात्री पाहू शकतात, आणि कॅनरी बेटे, नामिबिया, ॲरिझोना इथे दिवस असतो तेव्हा भडके काही थांबत नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले इथे उभारलेली २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण याच कारणाने मोलाची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. २०१५ मध्ये अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर अतिनील आणि क्ष-किरण दुर्बिणी एकाच वेळी एकाच दिशेला पाहण्यासाठी बसवल्या, त्यांतली कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

आइसक्यूबच्या जुन्या नोंदी चाळल्यावर कळले की टीएक्सएस ०५०६+०५६ याच ब्लेझरच्या दिशेने सप्टेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात सुमारे तेरा न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा जास्त आले होते. त्या महिन्यांत गॅमा किरण शांत होते, एवढे फर्मीमुळे माहीत आहे. क्ष-किरण वाढले होते की नाही, हे सांगू शकतील अशी पुरेशी निरीक्षणे त्या काळातली नाहीत. आणि सुमारे चार अब्ज वर्षे प्रवास करून आलेला तो प्रकाश आता पृथ्वी ओलांडून पुढे निघून गेला आहे.